तसबिरीचे चार कोपरे

शाळेच्या कार्यालयातल्या तसबिरी आपण रोज पाहतो. जोतिराव आणि सावित्रीबाई, गांधीजी, बाबासाहेब, आणि मराठवाड्यात असाल तर स्वामी रामानंद तीर्थ. जयंती-पुण्यतिथीला त्या खाली उतरतात, पुसल्या जातात, हार घालून टेबलावर मांडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिळ्याला अडकवल्या जातात. पुढच्या खेपेला पुसताना चित्राऐवजी चौकटीच्या कोपऱ्यांकडे पाहावे. तसबीर जुनी आणि लाकडी असेल तर एखाद्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या मध्ये केसाएवढी फट दिसेल. ती फट बहुधा आतल्या बाजूला, म्हणजे चित्राकडे रुंद असते आणि बाहेरच्या टोकाकडे मिटत गेलेली असते.

असे का व्हावे? आणि फट पडूनही चौकट सुटून का पडत नाही? नांदेड आणि लातूरमधल्या जुन्या फ्रेमवाल्यांच्या दुकानांत बसून आम्ही हे प्रश्न विचारले, तेव्हा एका चिकट पदार्थाचा बराच लांबचा इतिहास हाती लागला. तोच या लेखात मांडतो आहोत.

चित्रे घरात आली

भिंतीवर काचेआड चित्र लावणे ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट आहे. देव देवळात किंवा देवघरात, मूर्तीच्या आणि टाकांच्या रूपात असत. छापलेले चित्र स्वस्त झाले तेव्हा ते सामान्य घरात पोचले. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, तर राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम यांची रंगीत चित्रे हजारोंनी छापली जाऊ लागली.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद हा मीटर गेज मार्ग नांदेडवरून गेला आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली. काचेसारखा फुटका माल बैलगाडीने शंभर कोस आणणे किती अवघड, याचा विचार केला की या दोन रेल्वेमार्गांचे महत्त्व लक्षात येते. काच बाहेरून आली, चित्र बाहेरून आले. चौकट मात्र गावातच तयार होई. नांदेड जिल्ह्यातच किनवट-माहूरचे सागवानी जंगल आहे. सुतार होते, करवत, रंधा आणि गुण्या होता. उरला प्रश्न कोपऱ्याचा.

दारा-खिडक्यांच्या चौकटीत सुतार एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवतो आणि आरपार लाकडी मेख ठोकतो. लाकूड लाकडाला धरते. तसबिरीची पट्टी मात्र जेमतेम दोन बोटे रुंद. तिच्यावर नक्षीची कडा असते आणि ती चारही बाजूंनी सलग दिसली पाहिजे. म्हणून पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून टोकाला टोक भिडवतात. हा जोड दिसायला सर्वांत देखणा आणि धरायला सर्वांत दुबळा. त्यात एक लाकूड दुसऱ्यात कुठेच गुंतलेले नसते. सगळी भिस्त दोन चुकांवर आणि मधल्या चिकट थरावर.

सरस

हा चिकट थर म्हणजे सरस. शब्द फारसीतला आहे. मूळ रूप 'सिरीश'. हिंदीत तो सरेस झाला, मराठीत सरस. वस्तू मात्र त्या शब्दापेक्षा पुष्कळ जुनी. इजिप्तमध्ये थीब्ज येथे रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील भिंतीवर सुतार कामाला लागलेले दाखवले आहेत. त्यांच्याजवळ विस्तवावर सरसाचे भांडे ठेवलेले आहे. हे चित्र इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातले आहे.

पण इतके दूर जाण्याचीही गरज नाही. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून आग्नेयेला सीमा ओलांडली की बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण लागते. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलची आणि निलंग्याची देवळे याच काळाची साक्ष देतात. येथील राजा तिसरा सोमेश्वर याने सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत अनेक विषय त्यात आहेत. चित्रकलेच्या भागात 'वज्रलेप' कसा करावा हे सांगितले आहे: म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवावे, त्याच्या कांड्या करून उन्हात वाळवाव्यात आणि लागेल तेव्हा पाण्यात तापवून वापराव्यात. भिंतीवरच्या रंगाला धरून ठेवण्यासाठी हा लेप होता. तरीही सरस करण्याची रीत यापेक्षा वेगळी नाही. सरसाचे वाळलेले तुकडे विकत आणून, भिजवून, तापवून लावणाऱ्या विसाव्या शतकातल्या फ्रेमवाल्याला सोमेश्वराची कृती वाचून दाखवली असती, तर त्याने ती लगेच ओळखली असती.

कातड्यापासून चिकट पदार्थ का मिळतो? कातडे, हाडे, स्नायूबंध यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याचे लांबलचक रेणू तीन-तीन मिळून दोरासारखे पिळलेले असतात. पाण्यात बराच वेळ तापवले की हा पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होते. ते गरम असताना पातळ असल्याने लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. थंड झाले की गोठते आणि पाणी उडून गेले की कडक होते. मात्र सरस उकळू द्यायचा नाही. साठ-पासष्ट अंश सेल्सियस पुरेसे. त्यापेक्षा फार तापवले तर रेणूंच्या साखळ्याच तुटत जातात आणि चिकटपणा घटतो. म्हणून कारागीर सरसाचे भांडे थेट विस्तवावर ठेवत नाही. ते गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवतो. साखळी तुटते वगैरे त्याला कोणी शिकवलेले नसते. 'करपलेला सरस धरत नाही' एवढे त्याला ठाऊक असते, आणि ते बरोबर असते.

येथे थोडे थांबून आणखी एक गोष्ट पाहू. सरसाचा कच्चा माल म्हणजे कातडे कमावताना निघालेले तुकडे आणि कातरण. देवघरातल्या तसबिरीचे चारही कोपरे अशा कातड्याने धरलेले होते. मेलेले जनावर ओढून नेणारे, ते सोलणारे, कातडे कमावणारे हात ज्यांचे होते, त्यांना मात्र त्याच घराचा उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. वस्तूला विटाळ नव्हता, माणसाला होता. पुढे ज्या घरांनी १९५६ नंतर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लावली, त्या तसबिरीचे कोपरेही तसेच जोडलेले होते. पदार्थविज्ञानाच्या तासाला हे सांगायचे की नागरिकशास्त्राच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. सांगावे मात्र जरूर.

चिंचोक्याची खळ

सरसाला प्राणी लागतो. झाडापासूनही चिकट पदार्थ मिळतात. बाभळीचा डिंक आपल्या ओळखीचा आहे. तो कागदाला चालतो, लाकडी जोडाला कमी पडतो. त्याहून चांगली चिंचोक्याची खळ. धनगर घोंगडी विणताना लोकरीच्या ताण्याला ही खळ देतात. त्यामुळे धागा ताठ राहतो, तुटत नाही.

नांदेडहून भोकर, भैंसा या वाटेने गेले की निर्मल लागते. आज ते तेलंगणात आहे. तेथील लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाचे सुटे भाग कोरायचे आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते एकमेकांना जोडायचे, अशी तेथील जुनी रीत.

ही खळ लाकडाला इतकी कशी धरते? लाकूड मुख्यतः सेल्युलोजचे असते, म्हणजे ग्लुकोजच्या एकापुढे एक जोडलेल्या साखळ्यांचे. चिंचोक्यातल्या पिष्टासारख्या पदार्थाचा, झायलोग्लुकॅनचा, कणाही तशाच साखळीचा असतो; त्याला बाजूने इतर शर्करांच्या छोट्या फांद्या असतात. म्हणजे ही खळ लाकडाची लांबची नातेवाईकच. दोघांच्या साखळ्या जवळ आल्या की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात.

'जवळ आल्या की' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रेणूंमधले हे आकर्षण अगदी अल्प अंतरावरच काम करते. म्हणून चिकटवण्याचा पहिला नियम असा: थर पातळ हवा आणि दोन्ही पृष्ठे सर्वत्र भिडलेली हवीत. जाड थर लावून फट बुजवली तर जोड लाकडाचा राहत नाही, वाळलेल्या चिकट पदार्थाचा होतो. नवखा माणूस भरपूर सरस लावतो. जाणता माणूस आधी काप रंध्याने आणि गुण्याने अचूक करतो.

दुसरा नियम टोकांचा आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. पट्टीच्या बाजूला नळ्या आडव्या असतात, पण तिरक्या कापात त्यांची तोंडे उघडी पडतात. लावलेला सरस ती तोंडे पिऊन टाकतात आणि जोड उपाशी राहतो. म्हणून आधी पातळ हात द्यायचा, तो मुरू द्यायचा, मग दुसरा हात देऊन जोड दाबायचा. साग असेल तर आणखी एक काळजी. सागाच्या अंगी तेल असते, त्यामुळे जुना, हात लागलेला काप चिकट पदार्थ नीट धरत नाही. काप ताजा करून लगेच जोडावा लागतो.

फट आतल्या बाजूलाच का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. पण हा बदल जवळजवळ सगळा रुंदीत होतो, लांबीत तो नगण्य असतो. मराठवाड्यात मे महिन्यातली ४२-४३ अंशांची कोरडी हवा आणि ऑगस्टमधली दमट हवा यांत मोठा फरक आहे. चौकट दर वर्षी हा प्रवास करते.

गणित करून पाहू. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटर आहे आणि काप बरोबर ४५ अंशांचा आहे. म्हणजे तिरप्या कापाची आडवी धावही ५० मिलिमीटर. उन्हाळ्यात रुंदी एक टक्क्याने घटून ४९.५ झाली. लांबी बदलत नाही, म्हणून आडवी धाव ५० च राहिली. बाहेरच्या टोकाशी आता कोन किती? त्याचा टॅन्जंट ४९.५ भागिले ५०, म्हणजे ०.९९, कोन सुमारे ४४.७ अंश. दोन पट्ट्यांचे मिळून ८९.४ अंश. कोपरा तर ९० अंशांचा हवा. उरलेला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक कोन म्हणजेच फट. बाहेरची टोके भिडलेली असतात, त्यामुळे ती आतल्या कोपऱ्याकडे रुंदावत जाते आणि तेथे सुमारे ०.७ मिलिमीटर भरते. लाकूड फुगले की उलट होते: आतला कोपरा भिडतो आणि बाहेरचा उघडू पाहतो. दहावीच्या त्रिकोणमितीत ज्याचे उत्तर मिळते, तो प्रश्न शाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे.

चौकट म्हणून दर वर्षी आपलाच जोड उकलायचा प्रयत्न करते आणि चिकट थर तिला अडवतो. सरस वाळला की काचेसारखा कडक होतो, ताणाने तडकतो. पावसाळ्यात नरम पडतो, त्याला बुरशी लागते, कसर लागते. म्हणून जुन्या चौकटींना कोपऱ्यात चुका ठोकलेल्या असतात. जोड चिकट पदार्थाने धरायचा आणि तो सुटलाच तर चुकेने सांभाळायचा.

हवामान आणि चिकट थर यांचा हा झगडा भिंतीवरच्या चौकटीपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे मॉस्किटो हे विमान लाकडाचे होते, चिकटवून बांधलेले. १९४४ च्या अखेरीस भारतात या विमानांचे अपघात झाले, तेव्हा पंखांमधले चिकटवलेले जोड तपासले गेले. काही जोडांत फटी राहिल्याचे आढळले. येथील उष्णता आणि ओलावा यांचा वाटा किती, यावरही वाद झाला. कारण यांपैकी कोणतेही माना. पृष्ठे नीट भिडलेली नसतील तर जोड केव्हातरी सुटतो, हे आपल्या फ्रेमवाल्याला ठाऊक असलेले सत्य तेथे माणसांच्या जिवावर बेतले.

पांढरा चीक

१९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे या रसायनशास्त्रज्ञाला व्हिनाइल ॲसिटेट आणि त्याचे बहुवारिक मिळाले. बहुवारिक म्हणजे छोट्या रेणूंची लांब साखळी, ही कल्पना तेव्हा मान्यही झालेली नव्हती. हर्मान श्टाउडिंगर यांनी ती १९२० मध्ये मांडली आणि त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ उजाडले. दरम्यान पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून दुधासारखा पांढरा चीक करता येऊ लागला होता.

आपल्याकडे १९५९ मध्ये मुंबईत फेव्हिकॉल बाजारात आले. ते काढणारे बळवंत पारेख कायद्याचे पदवीधर होते आणि एके काळी त्यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपायाचे कामही केले होते. सुताराची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती. सरस रात्री भिजवा, सकाळी तापवा, गार व्हायच्या आत लावा, वास सहन करा. यातले काहीच पांढऱ्या चिकाला लागत नव्हते. डबा उघडायचा आणि लावायचे.

तो कसा काम करतो, हे वर्गात नुसत्या डोळ्यांनी दिसते. चिकातले पाणी लाकूड शोषून घेते. तरंगणारे कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. कण सुटे असताना प्रकाश विखुरतो म्हणून चीक पांढरा दिसतो. एकजीव झाले की पारदर्शक. पांढरा रंग गेला, म्हणजे वाळला. हा पापुद्रा सरसापेक्षा लवचीक असतो, त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्याची ओढाताण तो पुष्कळ सोसतो.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. सरसाचा जोड गरम ओल्या फडक्याने सोडवता येतो आणि चौकट पुन्हा जोडता येते. जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे आजही त्यासाठी सरस वापरतात. पांढऱ्या चिकाचा जोड असा सहज सुटत नाही. शिवाय त्याला पाणी पिणारे लाकूड लागते. आज अनेक दुकानांत पट्ट्या पॉलिस्टायरीनच्या असतात. त्या पाणी पीत नाहीत, म्हणून तेथे हा चीक कुचकामी. तेथे झटपट चिकटणारे दुसरे रसायन आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची चपटी खिळी ठोकणारे यंत्र आले आहे.

किल्लारीची चौकट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची महत्ता ६ च्या थोडी वर होती. जगात याहून मोठे भूकंप याहून कमी माणसे मारून गेले आहेत. मग येथे एवढी हानी का झाली?

कारणांतले एक मोठे कारण म्हणजे जोड. गावातली जुनी घरे लाकडी खांब आणि तुळया यांच्या खणांची. वर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड, वजनदार थर. भोवती दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती. या भिंतींत काळे ओबडधोबड दगड मातीत बसवलेले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भरताड. माती हाच तिथला सरस. पण दगड नीट भिडलेले नव्हते आणि मातीला ओढ सहन होत नाही. भिंत हादरली तेव्हा तिचे दोन थर सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी लाकडी खण उभे राहिले. काही ठिकाणी मात्र खांब आणि तुळई यांचा सांधा तिरपा झाला आणि माळवद खाली आले.

नंतरच्या दुरुस्तीच्या सूचनांत काय होते ते पाहण्यासारखे आहे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतील. छतावरची माती कमी करा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा लाकडी आधार द्या. म्हणजे थोडक्यात, कोपरे सांभाळा.

पुढे नवी गावठाणे वसली. तिथल्या घरांच्या भिंतींवर गेलेल्या माणसांच्या तसबिरी लागल्या. चार पट्ट्या, चार कोपरे, मध्ये एक चेहरा.

वर्गात करून पाहा

आइस्क्रीमच्या काड्या घेऊन चार काड्यांची चौकट करा. प्रत्येक कोपऱ्यात एकच टाचणी खुपसा आणि चौकट बाजूने ढकला. चौरसाचा समभुज चौकोन होतो. आता एका कोपऱ्यात छोटी तिरपी काडी टाचा आणि पुन्हा ढकला. त्रिकोण आकार बदलत नाही, म्हणून चौकट टिकते. खणाचा तिरपा आधार हाच.

दुसरा प्रयोग चिकट पदार्थांचा. सारख्या आकाराचे लाकडी तुकडे तीन जोड्यांत घ्या. एक जोडी बाभळीच्या डिंकाने, दुसरी चिंचोक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या खळीने, तिसरी पांढऱ्या चिकाने जोडा. दोऱ्याने घट्ट बांधून चोवीस तास ठेवा. मग प्रत्येक जोडाला पिशवी टांगून तीत वाळू घालत जा आणि कोणता जोड किती वजनाला सुटतो ते नोंदवा. सुटलेल्या पृष्ठांकडे नीट पाहा: चिकट थर सुटला, की लाकडाचाच पापुद्रा उखडून आला? दुसरे घडले असेल, तर जोड लाकडापेक्षा मजबूत होता.

तिसरे काम चौकट काटकोनात आहे का हे पाहण्याचे. त्याला गुण्या नसला तरी चालते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तर फक्त दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. कर्ण सारखे, तर कोपरे काटकोनी. चिकट थर वाळायच्या आत हे मोजायला हवे. नंतर चूक कळून उपयोग नसतो. जुने फ्रेमवाले चौकट बांधल्याबरोबर कर्ण मोजतात आणि मगच ती बाजूला ठेवतात. या सवयीमागचे प्रमेय आपण नववीत शिकवतो.